ग्रेस हॉपर : कॉम्प्युटरला माणसांची भाषा शिकवणाऱ्या ॲडमिरल

एखादं ॲप अचानक बंद पडलं की आपण लगेच म्हणतो, बग आहे. आणि हा ‘बग’ शब्द आला कुठून, हे शोधायला गेलं की एका बाईंचं नाव हमखास समोर येतं : ग्रेस हॉपर. गोष्ट अशी सांगतात की त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक पाखरू अडकलं, त्यांनी ते बाहेर काढलं आणि तेव्हापासून बिघाडाला बग म्हणायला लागले. गोष्ट मजेशीर आहे, पण अर्धीच खरी आहे. आणि या अर्ध्या गोष्टीच्या नादात बाईंचं खरं काम मागे पडतं.

त्यांचं खरं काम एका साध्या प्रश्नाभोवती होतं. कॉम्प्युटर वापरायचा असेल तर माणसाने मशीनची भाषा शिकायची, की मशीनने माणसाची? आज मराठी कीबोर्डवर टाइप करणाऱ्या आपल्यासाठीसुद्धा हा प्रश्न जुना झालेला नाही. म्हणून आज त्यांची गोष्ट जरा सविस्तर बघूया.

सात घड्याळं आणि एक नौदल

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांची असताना घरातलं गजराचं घड्याळ आतून कसं चालतं हे बघायला तिने ते उघडलं. परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. असं करत घरातली सात घड्याळं खोलून झाली. आईला कळलं तेव्हा तिने फार आरडाओरडा केला नाही. फक्त नियम घातला की यापुढे एकच घड्याळ उघडायचं. पोरांनी मोबाइल खोलला तर आपल्याकडे काय होतं हे आठवलं की या आईचं कौतुक वाटतं.

पुढे व्हॅसर कॉलेजमधून गणित आणि फिजिक्समध्ये पदवी, येल विद्यापीठातून १९३४ साली गणितात पीएचडी, आणि व्हॅसरमध्येच प्राध्यापकी. १९३० साली व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. ते १९४५ साली मोडलं, पण हॉपर हे आडनाव कायम राहिलं. आपणही त्यांना हॉपरबाईच म्हणूया.

दुसरं महायुद्ध सुरू झालं नसतं तर त्या बहुधा गणित शिकवतच निवृत्त झाल्या असत्या. अमेरिका युद्धात उतरल्यावर त्यांनी नौदलात जायचं ठरवलं. वय जास्त भरत होतं आणि वजन किमान मर्यादेपेक्षा १५ पौंडांनी, म्हणजे जवळपास ७ किलोंनी कमी होतं. त्यांनी खास सवलत मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये भरती झाल्या. पणजोबा नौदलात ॲडमिरल होते, तेव्हा ओढ होतीच. ट्रेनिंगमध्ये पहिला नंबर आला. आणि जुलै १९४४ मध्ये त्यांना जहाजावर नाही, तर हार्वर्ड विद्यापीठात पाठवलं गेलं.

तिथे होता मार्क वन. जवळपास ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच असा हा कॉम्प्युटर सेकंदाला तीन बेरजा करायचा. एका गुणाकाराला त्याला सहा सेकंद लागायचे. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. कागदी पट्टीला भोकं पाडून सूचना द्यायच्या. हॉपरबाई या यंत्राच्या तिसऱ्या प्रोग्रॅमर. प्रमुख होते हॉवर्ड एकन, कडक स्वभावाचे. त्यांनी बाईंना या यंत्राचं मॅन्युअल लिहायला बसवलं. पाचशेपेक्षा जास्त पानांचं हे पुस्तक १९४६ साली छापून आलं. कॉम्प्युटर म्हणजे काय हेच बहुतेकांना माहीत नव्हतं, त्या काळात तो कसा वापरायचा हे दुसऱ्याला समजेल असं लिहून काढणं ही त्यांची पहिली मोठी कामगिरी.

पाखराची गोष्ट, नीट

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या पुढच्या यंत्रात एका रिलेमध्ये खरोखरच एक पतंग सापडला. दिव्याभोवती फिरतो तो पतंग. टीमने तो लॉगबुकमध्ये चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली गमतीने नोंद केली. ती वही आजही अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. पण बिघाडाला बग म्हणायची पद्धत त्याआधीपासून होती. एडिसनच्या १८७० च्या दशकातल्या पत्रातही हा शब्द सापडतो. मुळात म्हणूनच तर ती नोंद विनोदी होती! हॉपरबाई ही गोष्ट पुढे रंगवून सांगायच्या, म्हणून ती त्यांच्या नावावर चिकटली. पाखरू त्यांनी स्वतः पकडलं नव्हतं.

बँकेचा हिशोब का चुकला

युद्ध संपलं. नौदलाने वयाचं कारण देऊन त्यांना कायम सेवेत घ्यायला नकार दिला. हार्वर्डमधली जागाही कायम होणारी नव्हती. १९४९ साली त्या फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली या छोट्या कंपनीत गेल्या. आजच्या भाषेत स्टार्टअपच. तो काळ त्यांच्यासाठी सोपा नव्हता. लग्न मोडलेलं, कामाचा ताण प्रचंड, आणि दारूचं व्यसन लागलेलं. मित्रांना मध्ये पडावं लागलं. त्यातून त्या सावरल्या, आणि त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं काम याच्या नंतरचं आहे.

या कंपनीत प्रोग्रॅम ऑक्टलमध्ये, म्हणजे आठ अंकांच्या पद्धतीत लिहावे लागत. आपण ० ते ९ वापरतो, ऑक्टलमध्ये ० ते ७. म्हणजे ७ नंतर थेट १०, आणि १७ नंतर २०. हॉपरबाई दिवसभर ऑक्टलमध्ये बेरीज-वजाबाकी करायच्या. काही महिन्यांनी लक्षात आलं की बँकेच्या खात्याचा हिशोबच जुळत नाहीये. त्यांचा भाऊ बँकिंगमधला होता. त्याने चेकबुक तपासलं आणि शोधलं की बाईंनी मधूनमधून वजाबाकी ऑक्टलमध्ये केली आहे!

हा किस्सा हसण्यासारखा असला तरी मुद्दा गंभीर आहे. गणितात पीएचडी झालेल्या बाईंचं डोकंही मशीनच्या सोयीने वळायला लागलं होतं. मग साध्या कारकुनाने, विमा कंपनीतल्या माणसाने हे यंत्र कधी वापरावं?

दुसरी अडचण कॉपी-पेस्टची होती. तेव्हा प्रोग्रॅमर एकमेकांच्या वह्यांमधून तयार कोडचे तुकडे हाताने उतरवून घेत. घाईत लिहिलेलं इंग्रजी अक्षर ‘बी’ १३ सारखं दिसायचं. मेमरीचे पत्ते नव्याने मोजताना बेरजा चुकायच्या. हॉपरबाईंनी विचार केला की नीट उतरवून घेणं आणि बेरीज करणं ही तर मशीनचीच कामं आहेत. मग ती माणूस का करतोय?

यातून १९५१-५२ मध्ये ‘ए-झिरो’ तयार झाला. कोडचे तपासलेले तुकडे टेपवर ठेवायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा, प्रोग्रॅमरने फक्त नंबर सांगायचे आणि मशीनने तुकडे गोळा करून प्रोग्रॅम जोडायचा. गोळा करणारा म्हणून नाव पडलं कंपायलर. आजच्या व्याख्येत ए-झिरो पूर्ण कंपायलर नव्हता, त्याला लिंकर आणि लोडर म्हणणं जास्त बरोबर ठरेल. पण मशीन स्वतः प्रोग्रॅम तयार करू शकतं हे त्याने दाखवून दिलं. बऱ्याच लोकांना हे पटतच नव्हतं. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, असा पक्का समज होता.

पुढची आवृत्ती ए-टू त्यांनी ग्राहकांना सोर्स कोडसकट पाठवली आणि सुधारणा सुचवायला सांगितलं. ‘ओपन सोर्स’ हा शब्द जन्मायला अजून चार दशकं होती.

फिलाडेल्फियाच्या मशीनला फ्रेंच कसं येईल?

आता येतो त्यांच्या आयुष्यातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग.

हॉपरबाईंचं निरीक्षण असं होतं की इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांना चिन्हं आवडतात, पण धंदा चालवणाऱ्यांना शब्द आवडतात. विमा कंपनीतल्या माणसाला समीकरणं दिली की तो घाबरतो. त्याच्याशी इनपुट, कंपेअर, मूव्ह अशा शब्दांत बोललं तर त्याला कळतं. मग शब्दांत लिहिलेला प्रोग्रॅम का चालू नये? तोवर त्यांची कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली होती. या कल्पनेला पैसे मिळावेत म्हणून १९५५ साली त्यांनी वरिष्ठांना एक छोटा नमुना करून दाखवला. इंग्रजी शब्दांतला प्रोग्रॅम चालला. मग त्यांनी तोच प्रोग्रॅम फ्रेंच शब्दांत लिहून चालवला. मग जर्मन शब्दांत.

त्यांना वाटलं वरिष्ठ खूश होतील. झालं उलटंच. अमेरिकेत, फिलाडेल्फियात बनलेल्या मशीनला फ्रेंच आणि जर्मन कसं कळेल, हे काही त्यांच्या गळी उतरेना. आपण हे फक्त इंग्रजीतच करणार आहोत, असं पटवून देण्यात बाईंचे पुढचे काही महिने गेले.

आता गंमत बघा. मशीनला ना फ्रेंच कळतं, ना इंग्रजी. त्याच्यासाठी प्रत्येक शब्द म्हणजे नुसता बिट्सचा एक नमुना. हा नमुना दिसला की ही सूचना चालव, एवढंच. शब्द बदलायचा तर तक्त्यातली नोंद बदलायची. म्हणजे प्रोग्रॅमिंगचे शब्द इंग्रजी असणं ही मशीनची गरज नाही. तो माणसांनी घेतलेला निर्णय आहे.

या कामातून जी भाषा तयार झाली तिचं नाव फ्लो-मॅटिक. इंग्रजीसारख्या शब्दांत हिशोबाचे प्रोग्रॅम लिहायची ही पहिली भाषा मानली जाते.

कोबोल : भाषा की सरकारी धोरण?

१९५९ पर्यंत एक नवी डोकेदुखी झाली होती. प्रत्येक कंपनीच्या कॉम्प्युटरची भाषा वेगळी. मशीन बदललं की सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहायचे. मराठीतलं उदाहरण घ्यायचं तर युनिकोडच्या आधीचे फॉन्ट आठवा. एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की अगम्य चिन्हांची रांग दिसायची. अक्षर तेच, पण प्रत्येक फॉन्टवाल्याने त्याला दिलेला नंबर वेगळा.

मे १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये बैठक झाली. सरकार, कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या आणि वापरणारे असे सुमारे ४० जण आले. सगळ्या मशीनवर चालेल अशी धंद्याच्या कामाची एक सामाईक भाषा बनवायचं ठरलं. तीच कोबोल. कोबोल एकट्या हॉपरबाईंनी बनवली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते बरोबर नाही. ती समितीने बनवली, त्यात जीन सॅमेट यांच्यासारखे अनेक लोक होते. हॉपरबाई सल्लागार होत्या. पण समितीसमोर जे तयार नमुने होते त्यात फ्लो-मॅटिकचा वाटा सगळ्यात मोठा होता.

डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवला गेला. तरीही कंपन्या आपापली भाषा सहज सोडणाऱ्या नव्हत्या. इथे काम आली ती पॉलिसी. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सांगितलं की ज्या मशीनवर कोबोल चालत नाही ते साधारणपणे आम्ही घेणार नाही. सगळ्यात मोठा गिऱ्हाईकच असं म्हटल्यावर कोण नाही म्हणणार!

टेक पॉलिसी म्हटलं की आपल्याला बंदी, दंड, कोर्ट असलं काही आठवतं. पण सरकार काय विकत घेतं आणि कोणती अट घालून घेतं, ही सगळ्यात शांत आणि सगळ्यात परिणामकारक पॉलिसी असते.

पुढे १९६६ साली नौदलाने हॉपरबाईंना वयामुळे निवृत्त केलं आणि १९६७ साली परत बोलावलं, सहा महिन्यांसाठी. नौदलातल्या कॉम्प्युटरवर कोबोलच्या वेगवेगळ्या बोली तयार झाल्या होत्या, त्या एका रांगेत आणायच्या होत्या. सहा महिन्यांचं काम जवळपास १९ वर्षं चाललं. कंपनीचा कंपायलर खरंच नियमाप्रमाणे चालतो का, हे तपासणाऱ्या चाचण्या त्यांच्या टीमने तयार केल्या. म्हणजे कंपनी म्हणते म्हणून विश्वास नाही, आधी टेस्ट पास करा.

टीका पण ऐकूया

कोबोलला शिव्याही भरपूर पडल्या. डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी तर १९७५ साली कोबोलने विद्यार्थ्यांची बुद्धी बिघडते अशा अर्थाची सणसणीत टीका केली. त्यात तथ्य होतं. लांबलचक वाक्यं लिहिली म्हणजे प्रोग्रॅम सोपा होतो असं नाही. शब्द ओळखीचे असले तरी विचार पायरीपायरीने करावाच लागतो. शिवाय मेमरी वाचवायला जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे ठेवले गेले, आणि २००० साल जवळ आल्यावर वाय-टू-केची धावपळ झाली. त्या दुरुस्तीच्या कामाने भारतातल्या आयटी कंपन्यांना मोठा हात दिला, हा आपल्याकडचा धागा. आणि २०२० साली कोविडमध्ये बेरोजगार भत्त्याचे अर्ज वाढले तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरना कोबोल येणाऱ्या लोकांना मदतीसाठी जाहीर आवाहन करावं लागलं.

पण मूळ कल्पना जिंकली. डेटाबेसला प्रश्न विचारायची एसक्यूएल १९७० च्या दशकात इंग्रजी वाक्यांच्या धर्तीवरच बनली. आज पायथनसारख्या स्क्रिप्टिंग भाषा लोकप्रिय आहेत त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्या वाचता येतात. मशीनचा थोडा जास्त वेळ गेला तरी चालेल, माणसाचा वाचला पाहिजे, हा हिशोब १९५० च्या दशकात वेडगळ वाटायचा. आज तो सगळे गृहीत धरतात.

हातातली वायर

हॉपरबाई उत्तम शिक्षिका होत्या. नॅनोसेकंद म्हणजे किती, हे सांगायला त्या भाषणात सुमारे ३० सेंटीमीटरचे वायरचे तुकडे वाटायच्या. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापू शकते. मग मायक्रोसेकंद म्हणून जवळपास ३०० मीटर वायरचं भेंडोळं काढायच्या. उपग्रहावरून संदेश यायला वेळ का लागतो, हे विचारणाऱ्या ॲडमिरलांना त्या सांगत की मध्ये असे भरपूर तुकडे आहेत.

तुमच्या गेममध्ये पिंग का वाढतो याचं उत्तरही तेच. मुंबईपासून सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर. म्हणजे हॉपरबाईंचे १ कोटी ३० लाख तुकडे, नुसतं जायला. रिचार्ज कितीही महागाचा मारा, हे अंतर कमी होत नाही.

आणि त्यांच्या ऑफिसमध्ये उलटं फिरणारं घड्याळ होतं. पूर्वीपासून असंच चालत आलंय म्हणून असंच करायचं, या सवयीचा त्यांना राग होता. उलटं घड्याळही वेळ बरोबरच दाखवतं, हे येणाऱ्याला आपोआप कळायचं.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी, ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. तेव्हा त्या अमेरिकी नौदलातल्या सेवेत असलेल्या सर्वात वयस्कर अधिकारी होत्या. तरी घरी बसल्या नाहीत, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाने युद्धनौका आहे, येलमध्ये कॉलेज आहे, आणि एआय चॅटबॉट ज्यांच्यावर चालतात त्या एनव्हिडियाच्या एका चिपच्या पिढीचं नावही हॉपर आहे.

मग आपलं काय?

आता पुन्हा त्या फ्रेंच-जर्मनच्या प्रसंगाकडे येऊ. हॉपरबाईंनी माणसाची भाषा मशीनपर्यंत नेली, पण व्यवहारात ती भाषा इंग्रजीच ठरली. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला ‘व्हाइल’ आणि ‘रिटर्न’ हे शब्दही ऑक्टलइतकेच परके असतात. त्याला लॉजिक येत नसतं असं नाही. आधी इंग्रजीचं दार ओलांडावं लागतं, आणि बरेच जण दारातच परत फिरतात.

ॲप मराठीत आहे म्हटलं तरी काय दिसतं? मेनूमध्ये ‘प्रविष्ट करा’, ‘वैध’, ‘प्रमाणीकरण अयशस्वी’. गावातल्या आजीला यापेक्षा ‘ओटीपी टाका’ पटकन कळतं. आणि खरी अडचण आली, पैसे अडकले, की एरर मात्र इंग्रजीत. हॉपरबाईंच्या विमा कंपनीतल्या माणसाचीच ही अवस्था आहे, फक्त ७० वर्षांनंतर. माझं मत स्पष्ट आहे : भाषांतर झालं की मराठी झालं, असं नाही. वापरणारा माणूस कोणते शब्द बोलतो हे बघूनच शब्द ठेवले पाहिजेत. आणि सरकारी ॲप विकत घेताना किंवा बनवून घेताना, एररसकट सगळं समजेल अशा मराठीत असलं पाहिजे, अशी अट खरेदीतच घातली पाहिजे. कोबोलच्या वेळी हेच कामी आलं होतं.

चांगली बातमी म्हणजे दार थोडं उघडलंय. फोनवर पायथन चालवणारं कुठलंही ॲप घ्या आणि व्हेरिएबलचं नाव इंग्रजीऐवजी ‘किंमत’ किंवा ‘वय’ असं देवनागरीत ठेवून बघा. चालतं. कोडमध्ये थेट देवनागरी अंक लिहिले तर पायथन एरर देतो, पण वापरणाऱ्याने ‘१२३’ असं टाइप केलं आणि तुम्ही ते ‘इंट’ फंक्शनला दिलं, तर तो त्याचा बरोबर एकशे तेवीस करतो. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम वापरणारी आजी मराठी आकडे टाकू शकते.

पुढचा प्रोग्रॅम लिहाल तेव्हा एवढं करून बघा. नावं मराठीत ठेवा, आणि चूक झाली तर दिसणारा मेसेज घरातल्या माणसाला समजेल असा लिहा. मशीनची काही हरकत नाही. तिची कधीच नव्हती.